तीळ नसलेला हलवा

मी एक जुनी पितळी परात आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना हळवं आणि शहाण्यासारखं बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तुमच्या निबंधाच्या वहीत छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, पण कुणी आवाज म्हणून चढवत नाही. मला ते कितपत जमेल, सांगता येत नाही. एक तर मी पितळ, जरा धक्का लागला तरी घरभर वाजते. आणि दुसरं म्हणजे, जिच्यावर मी सत्तेचाळीस वर्षं विश्वास ठेवला, त्या बाईनं माझ्या काठावर हात ठेवून खोटं सांगितलं.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही तिला उगाच दुष्ट समजाल.

माझा जन्म पुण्यातला. तांबट आळीतल्या एका कारागिरानं हातोडीचे ठोके घालून मला आकार दिला. ते ठोके माझ्या बुडावर अजून बोटांना लागतात. द्रौपदा नावाच्या एका मुलीच्या लग्नात तिच्या आत्यानं मला भेट दिली आणि मी नवरीबरोबर जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याला आले. द्रौपदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिले काही महिने माझ्यात नुसती कणीक मळली जाई. मला वाटलं, झालं, आता जन्मभर हेच.

मग पौष आला. द्रौपदाची सासू चिमाबाई हिनं मला उचलून उजेडात धरलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "ही हलव्याला घिऊ. बूड जाड हाय, आच सोसंल."

मित्रांनो, संक्रांतीला तुम्ही जो पांढरा काटेरी हलवा खाता, तो कसा होतो माहीत आहे का? शेगडीत मंद निखारे, त्यांवर राख पसरलेली, आणि त्यावर मी. माझ्यात मूठभर तीळ. बाई माझ्याजवळ मांडी घालून बसते, पळीनं साखरेच्या पाकाचे चार थेंब सोडते आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहते. ते सुकले की पुन्हा चार थेंब. पहिल्या दिवशी तीळ नुसते चिकट होतात. दुसऱ्या दिवशी पांढरे होतात. तिसऱ्या दिवशी, नशीब असेल तर, त्यांना काटा फुटतो. हवा थंड आणि कोरडी लागते, म्हणून हा खाऊ हिवाळ्यातच. वारा चालत नाही, घाई चालत नाही आणि ओलं बोट तर अजिबात चालत नाही. बोटं भाजतात, त्याला इलाज नाही.

पितळेत हलवा पांढराशुभ्र राहत नाही, म्हणून मला आतून कल्हई लागे. ती करायला जुन्नरहून जलाल येई. तेव्हा तो तरुण होता. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, मला लाल होईपर्यंत तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि धुरातच कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. दोन मिनिटांत मी चांदीची. द्रौपदा आणि जलाल यांचं दर वर्षी एक ठरलेलं भांडण होई.

"सारखं हालवत ऱ्हायचं, म्हनून हलवा," द्रौपदा म्हणे.

"न्हाई वयनी. हलवा म्हंजी गोड. अरबी शबुद हाय तो, आमच्या मौलवीसायबांनी सांगितलंय," जलाल म्हणे.

"अरबस्तानात तीळ हालवत्यात व्हय?"

"गोड तरी खात्यात का न्हाई?"

जलालचं बरोबर होतं असं पुढे कळलं, पण द्रौपदानं कधी मान्य केलं नाही.

चिमाबाई गेल्यावर सगळं द्रौपदावर आलं. तिच्या वेळचे धरून अडतीस हिवाळे आम्ही दोघींनी काढले. ओतूर, मढ, नारायणगाव, कुठून कुठून बायका येत. नव्या नवरीचा पहिला संक्रांतसण असला की तिला काळी साडी नेसवून वर पांढऱ्या हलव्याचे दागिने घालतात. एरवी शुभकार्यात काळ्याला नाक मुरडणारी माणसं त्या एका दिवशी काळं हौसेनं घालतात, कारण काळं कापड ऊब धरून ठेवतं. आणि काळ्यावर पांढरा हलवा असा खुलतो की सोनं पाणी भरेल. बाळाचं बोरन्हाण असलं की बोरं, चुरमुरे आणि माझा हलवा त्याच्या डोक्यावरून ओततात. किती तरी बाळांनी माझा हलवा डोक्यावरून घेतला आणि पहिला दाणा स्वतःच उचलून तोंडात टाकला. ती बाळं आता मिशा ठेवून ट्रॅक्टर चालवतात. लोक म्हणत, "काटा बघावा तर द्रौपदाबाईच्या हलव्याचा." माझं नाव कुणी घेत नसे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरंच. तिचं नाव तेच माझं, असं मी धरून चालले होते. ही माझी पहिली चूक.

नऊ वर्षांपूर्वी द्रौपदाची बोटं सुजली. पेरं वाकडी झाली. त्या पौषात तिनं पळी उचलली आणि ठेवून दिली. मला माळ्यावर चढवलं. उन्हाळ्यात कुरडया वाळवायला खाली काढत, नाहीतर माझ्यात जुनी बुजगावण्याची सदरी आणि तुटका टॉर्च. कल्हई उडाली, आत हिरवट डाग पडले. पण शपथेवर सांगते, मी तेव्हा रागावले नाही. थकलेल्या बाईवर कोण रागावतं?

आता तिची सून कल्याणी. ही कामाची मुलगी. पहाटे उठून शेळ्यांचं करते, तिळाच्या वड्या करते, फोनवरून मागण्या घेते आणि पार्सलं पोहोचवते. हलव्याचे दागिने ती दोऱ्यात असे काही गुंफते की चिमाबाईनंही मान डोलवली असती. फक्त हलवा ती बाहेरून आणायची, यंत्रात झालेला, पोत्यातून. त्यातही काही वाईट नव्हतं. पण फोनवर प्रत्येक बाई एकच विचारी: हा द्रौपदाआजींच्या हातचा आहे का? कल्याणी "नाही" म्हणे, आणि समोरची "बघते मग" म्हणून फोन ठेवी. असं दोन वर्षं चाललं. या वर्षी एका बाईला कल्याणी म्हणाली, "हो, त्यांच्याच हातचा." मग ते सगळ्यांनाच सांगावं लागलं. आणि सांगितलेलं दाखवावंही लागलं.

म्हणून डिसेंबरात मला माळ्यावरून खाली काढलं. चिंच लावून घासलं. जलालला निरोप गेला. बिचाऱ्यानं भाता कधीच बंद केला होता, आता त्याचा मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. तरी म्हातारा एसटीनं आला. अंगणात खड्डा केला, खोकत खोकत भाता ओढला आणि नऊ वर्षांनी मला पुन्हा चांदीची केली.

"वयनी, पुन्यांदा करनार म्हना की हलवा," तो म्हणाला.

"करू की," द्रौपदा म्हणाली.

"मग मला दुसरं काय नगं. हिच्यातला वाटीभर हलवा धाडून द्या. लई दिस झालं."

मित्रांनो, त्या दिवशीचा माझा आनंद काय सांगू! मी अंगणात उलटी पडून उन्हात सुकत होते आणि मनात निखारे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओसरीवर नेलं. शेगडी होती, पण तिच्यात निखारे नव्हते. तळाशी लाल कागद आणि त्याखाली एक छोटा दिवा. माझ्यात पोत्यातला हलवा ओतला, थंडगार, टणक, सगळे दाणे एकाच मापाचे. द्रौपदानं नवी साडी नेसली. कल्याणीनं फोन उभा धरला.

"आई, बोटं फिरवा. हळू. हां, आता बोला."

मला वाटलं, ती आता उठेल. ती म्हणेल, हे काय चालवलंय? मी तिला ओळखत होते ना! एकदा नारायणगावच्या पाटलीणबाईचा हलवा ओलसर झाला, तर हिनं तो सगळा परत आणवून मुंग्यांना घातला होता.

द्रौपदा फोनकडे बघून हसली. माझ्या काठावर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "माज्या हातचा हलवा हाये. अडतीस वर्सं हाच हात आन् हीच परात."

हात खरा होता, मीही खरी होते. म्हणून तर ते खोटं एवढं पक्कं बसलं. आम्हा दोघींना साक्षीला उभं केलं होतं. जरा धक्का लागला असता तर मी तिथेच वाजले असते. मी शेगडीवर तशीच थंड बसून राहिले.

तो व्हिडिओ सगळीकडे गेला. जुन्नरच्या एका शाळेतल्या बुद्धभूषण सरांनीही पाहिला. सर इतिहास शिकवतात, आणि कुठलाही सण आला की तो कुठून आला, का आला, हे खोदून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भोगीच्या आधी एका सकाळी ते पाचवीची सत्तावीस मुलं दोन जीपमध्ये घालून डिंगोऱ्याला घेऊन आले. "मुलांना परंपरा डोळ्यांनी दिसू दे," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. कल्याणीला "नको" म्हणता आलं नाही. तिनं या वेळी शेगडीत खरे निखारे ठेवले, पण शेगडी माझ्यापासून हातभर दूर. विचारलं तर सांगायचं, आत्ताच उतरवलाय.

मुलं माझ्याभोवती बसली. सरांनी किती छान सांगितलं! एकेकाळी संक्रांत आणि दिवस मोठा व्हायला लागण्याचा दिवस एकच होता. आता दिवस मोठा व्हायला बावीस डिसेंबरच्या सुमारास लागतो आणि संक्रांत मात्र दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, म्हणून ती जानेवारीच्या मध्यावर आली. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ का लावतात? कारण थंडीत अंगाला स्निग्ध लागतं. मग त्यांनी एक नवलाची गोष्ट सांगितली. म्हणाले, "तिकडे विलायतेतही नाताळात असाच खाऊ करत. बडीशेप, धणे, शहाजिऱ्याच्या दाण्यांवर साखरेचे थर चढवायचे. आपल्या आजींसारखंच, विस्तवावर मोठी परात टांगून, दिवसचे दिवस हलवत. पुढे तिकडे फिरणारी यंत्रं आली आणि त्या पराती बंद पडल्या. आपल्याकडे बघा, आजही हातानं चाललंय."

सातासमुद्रापलीकडे माझ्या बहिणी होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्यांचं काय झालं, तेही कळलं. पण त्यांना निदान सरळ घरी बसवलं असेल. यंत्राचा खाऊ भरून कुणी त्यांना ओसरीवर मांडलं नसेल.

कल्याणीनं मुलांना माझ्यातला हलवा मूठमूठ वाटला. मुलं चोखत होती, कडाकडा चावत होती. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, रुबिना. जलालची नात. आजोबांनी कल्हई केलेली परात बघायला मिळणार म्हणून ती सगळ्यांच्या पुढे येऊन बसली होती. तिनं एक दाणा दातानं अर्धा तोडला, तळहातावर घेऊन पाहिला, मग दुसरा तोडला, मग तिसरा.

"आजी," ती म्हणाली, "ह्याच्यात तीळ न्हाईये."

सगळी मुलं आपापले दाणे तोडून बघायला लागली. सर द्रौपदाकडे पाहू लागले. कल्याणीचा चेहरा उतरला. आणि मी? मी आशेवर होते, मित्रांनो. मला वाटलं, लेकरू विचारतंय, आता तरी ती खरं बोलेल. फार काही नको होतं. "बोटं चालत नाहीत, हा विकतचा आहे," एवढंच. मुलांना काही वाटलं नसतं, त्यांनी आणखी एक मूठ मागितली असती.

द्रौपदानं माझा काठ धरला आणि माझ्याकडेच बघत म्हणाली, "तीळ इरघळला, बाळा. लई येळ आच लागली ना, इरघळतो."

तीळ विरघळत नाही. तेलात तळा, पाकात शिजवा, तो तीळच राहतो. ज्या बाईनं अडतीस हिवाळे एकेक तीळ बोटांनी फिरवला, ती हे बोलली. सरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी जलाल आला. वाटीभर हलवा त्याला पोहोचला होता. तोंडात दात नसल्यानं त्यानं तो चोखून खाल्ला होता आणि साखर जरा जास्त झालीय एवढंच त्याला वाटलं होतं. मग नातीनं सांगितलं. तो आत आला, मला भिंतीवरून उतरवलं आणि उलटं केलं. कल्हईनंतर घासलेल्या बुडाला काजळीचा एक ठिपका नव्हता.

"वयनी, हिच्याखाली इस्तू पेटलाच न्हाई."

द्रौपदा तिळाची वडी हातात घेऊन उभी होती.

"हात चालंना तर सांगायचं व्हतं," जलाल म्हणाला. "माझा तरी भाता कुठं चालतोय? मी काय लपावलं का?"

"भाता गेला तरी तुमी जलालभाऊच ऱ्हायला," ती म्हणाली. "हलवा गेला तर मी कोन ऱ्हाती? सुनंच्या घरातली म्हातारी."

जलालनं वडी घेतली, कपाळाला लावली आणि न खाता खिशात ठेवली. मग एसटीची वेळ झाली म्हणून तो गेला.

दुसरा दिवस किंक्रांत. या दिवशी कुणी चांगलं काम सुरू करत नाही. द्रौपदानं मला जुन्या धोतरात बांधलं, काखेत मारलं आणि जुन्नरला जलालच्या घरी आली. रुबिना दारात अभ्यास करत होती. द्रौपदा तिच्यासमोर उंबऱ्याशीच बसली.

"तीळ इरघळत न्हाई, बाळा. त्यात तीळ नव्हताच. म्या खोटं बोलले. माफ कर मला."

"मला माहितीये," रुबिना म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं बघून नाय बोललात, परातीकडं बघून बोललात."

द्रौपदानं मला पुढे सरकवलं. "ही तुमच्याकडं असू द्या. माज्याकडं हिचा काय उपेग न्हाई."

"मग खरा हलवा कसा करायचा ते तरी सांगा."

द्रौपदानं आपली वाकडी बोटं तिच्यापुढे धरली.

"तुम्ही तोंडानं सांगा," रुबिना म्हणाली. "बोटं माझी घ्या."

तीन दिवस द्रौपदा एसटीनं येत राहिली. जलालनं शेगडी पेटवली. पहिल्या दिवशी रुबिनाची बोटं भाजली आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी पाक जास्त पडला, सगळा गोळा झाला, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काही दाण्यांना काटा आला, बोथट, कुठे आहे कुठे नाही असा. द्रौपदानं एक दाणा डोळ्यांजवळ नेला आणि लहान मुलीसारखी ओरडली, "आला गं! आला!" माझ्या बुडाला काजळी धरली होती. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी तिला जवळजवळ माफ केलं होतं.

चार दिवसांनी जलालच्या फोनवर नवा व्हिडिओ आला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, दागिन्यांची मागणी चालूच असते. रुबिनानं फोन माझ्या शेजारी टेकवून ठेवला, म्हणून मलाही दिसलं. डिंगोऱ्याची ओसरी होती. शेगडी होती. तिच्यावर बाजारातून आणलेली नवी कोरी परात होती, आणि द्रौपदाची बोटं थंड हलव्यातून फिरत होती. ती हसली आणि तिनं त्या परातीच्या काठावर हात ठेवला.

"माज्या हातचा हलवा हाये. अडतीस वर्सं हाच हात आन् हीच परात."

रुबिना आजोबांकडे वळली. "आपल्याला तर खरं सांगितलं होतं ना त्यांनी?"

"सांगितलं की," जलाल म्हणाला. "पर घर सुनंचं हाय, बेटा. तिथं बोलायला निराळी ताकद लागती."

खाली कितीतरी जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. परात बदललेली एकालाही कळली नव्हती. रुबिनानं फोन पालथा घातला आणि माझ्यात पाकाचे चार थेंब सोडले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका, मला वापरा, मला काळी होऊ द्या. वापरता येत नसेल तर खुशाल मोडीत घाला. हात थकले तर थकले म्हणा, आणि हलवा यंत्राचा असेल तर यंत्राचा म्हणा. तोही गोडच असतो. पण जे काम थांबलं आहे, ते चालू आहे असं दाखवायला आम्हाला घासूनपुसून मांडू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या नावावर काहीही खपवता येतं. ते करू नका.

द्रौपदाची बोटं मला अजून आठवतात. तिची लाज मला कळते, तिची भीतीही कळते. पण तिनं रुबिनाची माफी मागितली, माझी मात्र मागितली नाही. मी भांडं आहे, मला काय कळणार, असं तिला वाटलं असेल. मला सगळं कळलं आहे.